पुस्तकाला वास कशाचा येतो, आणि यादीत 'ळ' कुठे पळतो?

या वेळी प्रश्नांचा ढीगच आलाय, आणि त्यातले निम्मे तरी "ताई, असं असं ऐकलंय, खरं का हो?" या छापाचे आहेत. पुस्तकांबद्दलच्या ऐकीव गोष्टी फार गोड असतात आणि बऱ्याचदा निखालस खोट्या असतात, पण ती खोटी गोष्ट जरा बाजूला सारली की खाली जी खरी सापडते ती तिच्यापेक्षा भन्नाट निघते असं मला नेहमी वाटतं. असो, नमनाला घडाभर तेल नको.

प्रश्न : जुन्या पुस्तकांचा वास मला वेड्यासारखा आवडतो, घरचे नाक मुरडतात. हा वास नेमका कशाचा? आणि दुसरं म्हणजे, माझ्याकडे साधारण साठ वर्षांपूर्वीची एक कादंबरी आहे, ती पार तपकिरी झालीय, पान उलटलं की कोपरा हातात येतो. पण एका प्रदर्शनात तिच्याहून कितीतरी जुनं पुस्तक बघितलं तर त्याची पानं अजून पांढरी! असं उलटं कसं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच सांगते. तुम्हाला जो वास आवडतो ना, तो पुस्तक हळूहळू मरतंय त्याचा वास आहे. सॉरी, पण तसंच आहे ते.

कागद म्हणजे मुळात सेल्युलोजचे तंतू. युरोपात पूर्वी हे तंतू सुती आणि लिननच्या चिंध्यांपासून काढायचे, ते लांब आणि दणकट असायचे, त्यामुळे १४५० च्या दशकात गुटेनबर्गने छापलेल्या बायबलचा कागद आजही बघण्यासारखा आहे. मग एकोणिसाव्या शतकात वाचणारे वाढले, वर्तमानपत्रं वाढली, चिंध्या पुरेनात. १८४० च्या दशकात केलर नावाच्या एका जर्मन माणसाने लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करायची युक्ती काढली आणि कागद एकदम स्वस्त झाला. पण लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन पण असतं, झाडाला ताठ उभं ठेवणारं द्रव्य. ते झाडात असताना फार उपयोगाचं, कागदात आलं की उजेड आणि हवा लागून पिवळं तपकिरी पडतं. वर्तमानपत्र दोन दिवस उन्हात ठेवून बघा, डोळ्यासमोर होतं ते.

त्यात आणखी एक भर पडली. शाई कागदावर फुटू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळ लावायची पद्धत त्याच शतकात रूढ झाली. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो आणि ते आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या आतल्या आत तोडत बसतं. म्हणजे पिवळेपणा लिग्निनचा आणि ठिसूळपणा मुख्यतः आम्लाचा, लोक दोन्ही एकच समजतात. १९५० च्या दशकात विल्यम बॅरो या अमेरिकन माणसाने जुन्या पुस्तकांचे कागद तपासून हे आम्लाचं प्रकरण नीट मांडलं, पण आम्ल नसलेला कागद छपाईत सर्रास यायला पुढची बरीच वर्षं गेली. तुमची कादंबरी बरोब्बर त्या वाईट काळातली आहे, बिचारी.

आता वास. हे सगळं तुटताना बारीक बारीक रेणू हवेत उडतात. सेल्युलोज तुटलं की फरफ्युरल निघतं, त्याला बदामासारखा वास असतो, आणि लिग्निनमधून व्हॅनिलिन निघतं, म्हणजे व्हॅनिलाच्या वासातलं मुख्य द्रव्य. २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की पानांतून निघणारे हे वायू मोजले तर कागदाची तब्येत कळते, पुस्तकाचा कपटासुद्धा कापावा लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, कुबट, ओलसर, नाकात झोंबणारा वास आला तर ती बुरशी, तिच्यावर प्रेम करू नका. ते पुस्तक लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि कोरड्या, खेळत्या हवेत ठेवा.

घरच्या घरी बघायचं असेल तर जुन्या पुस्तकात कुणी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेलं असतं ना, ते उचला. समोरासमोरच्या दोन्ही पानांवर कात्रणाच्या आकाराचा चौकोनी तपकिरी डाग दिसेल, कडा अगदी पट्टीने आखल्यासारख्या. कात्रणातलं आम्ल शेजारच्या पानांत उतरलेलं असतं. म्हणून कात्रणं, सुकी फुलं, बसची तिकिटं पुस्तकात ठेवू नका असं आम्ही ग्रंथालयातली माणसं सारखं ओरडत असतो, कुणी ऐकत नाही ते सोडा. आणि नवीन पुस्तक घेताना प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानावर वर्तुळात आडवा आठ, म्हणजे अनंताची खूण दिसली तर समजा की कागद टिकाऊ जातीचा आहे. अशा कागदासाठी १९९४ पासून आंतरराष्ट्रीय मानक पण आहे.

प्रश्न : दुर्मीळ पुस्तक हाताळताना पांढरे हातमोजे घालायचे ना? सिनेमात सगळे घालतात.

सिनेमात घालतात म्हणूनच सगळ्यांना तसं वाटतं. जगातली बहुतेक मोठी ग्रंथालयं आता उलट सांगतात, हात स्वच्छ धुवा, कोरडे करा आणि सरळ हातानेच पान उलटा. सुती मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, ठिसूळ कड धाग्यात अडकते आणि टर्रकन फाटते, शिवाय मोजा मळ धरून ठेवतो तो वेगळाच. फोटो आणि धातूच्या वस्तूंना मात्र मोजे हवेत, कारण बोटांचं तेल त्यांच्यावर कायमचं उमटतं.

पुस्तकाचं खरं नुकसान मोज्यांनी टळत नाही, कपाटातून पुस्तक काढायची पद्धत बदलली तर टळतं. आपण काय करतो, पुस्तकाच्या पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ते ओढतो, आणि सगळ्यात आधी फाटते ती नेमकी तीच जागा. त्याऐवजी शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकला आणि मधलं पुस्तक पाठीच्या मध्यावर धरून बाहेर काढा. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका हो, हात जोडते. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा पिवळा चिकट पट्टा मात्र कागदात मुरून बसतो.

प्रश्न : हिरव्या बांधणीची जुनी पुस्तकं विषारी असतात असा एक मेसेज फिरतोय. अफवा ना?

चक्क नाही! पण सगळी हिरवी पुस्तकं नव्हेत. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात तांबं आणि आर्सेनिकपासून एक झगझगीत हिरवा रंग बनवायला लागले, एमराल्ड ग्रीन. लोक त्याच्या प्रेमातच पडले, भिंतीचे कागद, कपडे, कृत्रिम फुलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पुस्तकांच्या बांधणीचं कापड सुद्धा त्यानेच रंगवायचे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाच्या संवर्धकांना एका पुस्तकाच्या हिरव्या कापडात आर्सेनिक सापडलं, तिथून त्यांनी अशा पुस्तकांची यादीच करायला घेतली, पॉयझन बुक प्रोजेक्ट. २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने याच संशयावरून चार पुस्तकं वाचकांना द्यायची थांबवली.

म्हणजे भीती कुणाला, तर ज्याच्याकडे साधारण १८४० ते १८७० च्या दरम्यानचं, भडक हिरव्या कापडाचं, युरोपात किंवा अमेरिकेत बांधलेलं पुस्तक आहे त्याला. तसं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा, हाताळायची वेळ आलीच तर नायट्राइलचे मोजे घाला (बघा, मोजे आले शेवटी), नंतर हात धुवा, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती आजच सोडा. तुमच्या शाळेच्या हिरव्या वहीला काही होत नाही, निवांत राहा.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या पुस्तकांना आरपार गोल भोकं पडली आहेत. ही कसर का? आणि उपाय काय?

आरपार गोल भोक हे कसरीचं काम नाही. कसर, ती चंदेरी सरपटणारी, ती कागदाचा वरचा थर खरवडून खाते, तिने खाल्लेली जागा पातळ आणि वेडीवाकडी दिसते, डिंक आणि खळ तिला फार आवडते. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात आणि पुस्तकाचं मधलं पोटच गायब असतं. गोल भोक करतात त्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. आपण ज्याला पुस्तकी किडा म्हणतो तो एकच एक किडा नाहीये, दोनचार जातींचे भुंगेरे आहेत. मादी अंडी घालते, अळी पुठ्ठ्यातून, पानांतून बोगदा काढत जाते आणि शेवटी प्रौढ भुंगेरा भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे जे भोक तुम्हाला दिसतं ते बहुतेक वेळा त्याचं बाहेर पडायचं दार असतं, आत येण्याचं नाही. भोकाखाली ताजी बारीक भुकटी पडलेली दिसली तर किडा अजून आत आहे, भुकटी नसेल तर काम आटोपून गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

उपाय थंडीचा. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करायचं आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर तरी ठेवायचं, दोन आठवडे ठेवलं तर उत्तम. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चोवीस तास तसंच राहू दे, नाहीतर पाणी धरेल. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा इतका गार नसतो, थर्मामीटर ठेवून खात्री करा. चामड्याची बांधणी किंवा चित्रं असलेलं मौल्यवान पुस्तक असेल तर हा प्रयोग घरी नकोच, संवर्धकाला दाखवा.

आता गंमत. ब्लेअर हेजेस नावाच्या जीवशास्त्रज्ञाने या भोकांवरून चक्क युरोपातल्या भुंगेऱ्यांचा नकाशा काढला. जुन्या पुस्तकांतली चित्रं लाकडी ठशांवरून छापलेली असायची, आणि त्या ठशाला भोक असलं की छापलेल्या रेषेत बारीक पांढरा ठिपका राहायचा. भोक कागदाला नाहीच, लाकडाला! छपाईचं साल आणि गाव पुस्तकावर असतंच, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तारीख आणि पत्ता आयताच मिळाला. ठिपके मोजल्यावर दिसलं की उत्तर युरोपातली भोकं साधारण १.४ मिलिमीटरची आणि दक्षिणेतली २.३ ची, म्हणजे दोन वेगळ्या जाती, आणि त्यांच्या हद्दी कित्येक शतकं एकमेकींत मिसळल्याच नाहीत. चित्रातली खोट म्हणून जे ठिपके लोक दुर्लक्षित करत होते त्यातून हे निघालं.

आणि पोर्तुगालमध्ये कोइंब्रा विद्यापीठाच्या जोआनिना ग्रंथालयात आणि माफ्राच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात हे किडे खायला वटवाघळं आहेत, अगदी खरी, जिवंत. रात्री ती किडे टिपतात. कोइंब्रात संध्याकाळी टेबलांवर चामडं अंथरतात आणि सकाळी खालची लेंडकं झाडतात, बस्स. आमच्याकडे कुणी परवानगी देईल असं वाटत नाही.

प्रश्न : पुस्तकामागचा आयएसबीएन, म्हणजे बारकोडजवळचा तो लांबलचक नंबर, नुसता अनुक्रमांक का? काही जुन्या पुस्तकांत शेवटी एक्स असतो तो छपाईदोष आहे का?

नाही नाही, तो एक्स मुद्दाम आहे, आणि हा नंबर दिसतो त्याहून फार हुशार आहे. थोडं गणित आहे पण चौथीचं आहे, घाबरू नका.

१९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या पुस्तकविक्रेत्याला गोदामाचा हिशोब कॉम्प्युटरवर न्यायचा होता, त्यासाठी गॉर्डन फॉस्टर या प्राध्यापकाने नऊ अंकी पद्धत आखली. १९७० मध्ये तिचं दहा अंकी आंतरराष्ट्रीय रूप झालं आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी. तेरा का, तर बारकोडशी जुळावं म्हणून. बारकोडमध्ये सुरुवातीचे तीन अंक देशाचे असतात, पण पुस्तकं तर सगळ्याच देशांत छापतात, मग काय केलं, तर पुस्तकांसाठी एक काल्पनिक देशच बनवला! त्याला गमतीने बुकलँड म्हणतात आणि त्याचा कोड ९७८. तो भरत आला म्हणून आता ९७९ पण सुरू झालाय. भारतातल्या पुस्तकांत त्यापुढे ८१ किंवा ९३ दिसेल, मग प्रकाशकाचा क्रमांक, मग पुस्तकाचा, आणि सगळ्यात शेवटचा अंक तपासनीस.

तपासनीस कसा, ते बघू. ९७८०३०६४०६१५७ हा नंबर घ्या. शेवटचा ७ झाका. उरलेल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. ९, २१, ८, ०, ३, ०, ६, १२, ०, १८, १, १५. बेरीज ९३. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे १०० ला किती कमी पडतात? ७. तोच शेवटचा अंक. टाइप करताना एक अंक जरी चुकला तरी हिशोब जुळत नाही आणि कॉम्प्युटर नंबर घेतच नाही.

पण एक फट आहे, आणि ही फट मला फार आवडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट टाइप झाले तर बहुतेक वेळा ते पकडलं जातं, फक्त त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल तर नाही! आपल्याच नंबरात शेवटाकडे ६ आणि १ शेजारी आहेत बघा. ६ ला ३ ने आणि १ ला १ ने गुणलं की १९, उलट केलं की ३ आणि ६ मिळून ९, फरक बरोब्बर १०, म्हणजे बेरजेचा शेवटचा अंक बदलतच नाही आणि चुकीचा नंबर बिनबोभाट पास.

जुन्या दहा अंकी पद्धतीत ही फट नव्हती. तिथे पहिल्या अंकाला १० ने, दुसऱ्याला ९ ने असं उतरत उतरत गुणायचं आणि बेरजेला ११ ने पूर्ण भाग जायला हवा. अकरा ही मूळ संख्या असल्यामुळे कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल झाली तरी चूक पकडली जाते. पण ११ ने भागायचं म्हटल्यावर तपासनीस अंक कधीकधी १० येणार, आणि जागा तर एकाच अंकाची, मग रोमन आकड्यातला दहा तिथे बसवला. तोच तुमचा एक्स! याच पुस्तकाच्या दहा अंकी नंबराचा शेवटचा अंक २ होता, तेरा अंकीत ७ झाला. त्यामुळे जुन्या नंबराला नुसतं पुढे ९७८ चिकटवून शोधलंत तर पुस्तक सहसा सापडणार नाही, तपासनीस अंक नव्याने काढावा लागतो.

प्रश्न : शब्दकोशात आहे म्हणजे शब्द खरा, असं मानायला हरकत नाही ना? आमच्या ऑफिसात यावरून पैज लागलीय.

पैज कुणी लावलीय त्यावर अवलंबून आहे, पण "कोशात आहे म्हणजे खरा" म्हणणारा हरला असं समजा.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण डॉर्ड या इंग्रजी शब्दाचं. वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात हा शब्द होता, अर्थ दिलेला 'घनता'. असा शब्द इंग्रजीत कधीच नव्हता. झालं असं की १९३१ मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी लिहिली, की कॅपिटल डी किंवा स्मॉल डी ही अक्षरं घनतेचं संक्षिप्त रूप म्हणूनही वापरतात. इंग्रजीत 'किंवा'ला ऑर म्हणतात, म्हणजे चिठ्ठीवर होतं 'डी ऑर डी'. ती चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, कुणीतरी सगळी अक्षरं सलग वाचली, आणि झाला शब्द तयार! पुढे उच्चारही लागला त्याला. १९३९ मध्ये एका संपादकाला दिसलं की या शब्दापुढे व्युत्पत्तीच नाही, मग तपास झाला आणि भांडं फुटलं.

याच्या उलटही होतं. ऑक्सफर्डच्या महाकोशाची कल्पना १८५७ ची आणि काम पुरं झालं १९२८ ला, शेकडो स्वयंसेवक पुस्तकं वाचून एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द आणि त्याचं वाक्य लिहून पाठवायचे. एवढ्या लाखो चिठ्ठ्यांत बाँडमेड, म्हणजे दासी, या साध्या शब्दाच्या चिठ्ठ्याच हरवल्या आणि कोशाचा तो भाग त्या शब्दाशिवाय छापून झाला! तो घातला १९३३ च्या पुरवणीत.

आणि तिसरा प्रकार म्हणजे मुद्दाम केलेली लबाडी. १९७५ च्या न्यू कोलंबिया ज्ञानकोशात लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल नावाच्या बाईंची नोंद आहे, आधी कारंज्यांच्या डिझायनर, मग फोटोग्राफर, आणि 'कंबस्टिबल्स' म्हणजे ज्वालाग्राही पदार्थ या नावाच्या मासिकासाठी काम करताना स्फोटात मृत्यू. अशी बाई कधी नव्हतीच. कुणी आपला कोश चोरून छापला तर ही नोंद पण त्यांच्याकडे जाणार आणि चोर सापडणार, असा डाव. ऑक्सफर्डच्या एका अमेरिकन कोशात २००१ मध्ये एक अख्खा खोटा शब्द याच कारणासाठी पेरला होता, तो २००५ मध्ये उघड झाला. नकाशे करणारे पण असे खोटे रस्ते घालतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा? शब्दापुढे वापराचं उदाहरण आहे का ते बघा. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अर्थापुढे बारीक टाइपात 'ज्ञा' आणि पुढे आकडे असं दिसतं, लोक ते सोडून देतात, पण तोच खरा ऐवज आहे, तो ज्ञानेश्वरीतल्या अध्यायाचा आणि ओवीचा पत्ता आहे. तिथे जाऊन स्वतः शब्द बघून यायची सोय. डॉर्डपुढे असा एकही पत्ता नव्हता.

प्रश्न : घरच्या मराठी पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर केली आणि अकारविल्हे लावली तर 'बाळ' हा 'बाहुली'च्या आधी आला, 'क्षितिज' क मध्ये घुसलं. एक्सेल बिघडलंय का?

एक्सेल नाही बिघडलं, आपली वर्णमाला आणि कॉम्प्युटरची वर्णमाला वेगळी आहे. आपण शाळेत म्हणतो श ष स ह ळ क्ष ज्ञ. कॉम्प्युटरच्या युनिकोड तक्त्यात, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, मात्र ळ बसवलाय ल च्या लगेच पुढे, व च्या आधी. नुसत्या तक्त्यावरून क्रम लावला की बाल, बाळ, बाव, बास, बाहु असंच येणार. आणि क्ष, ज्ञ ही त्याच्या लेखी अक्षरंच नाहीत, क ला हलंत देऊन पुढे ष, ज ला हलंत देऊन पुढे ञ. म्हणून क्षितिज जाऊन बसतं 'कौतुक'च्याही पुढे, क च्या अगदी शेपटाला, आणि ज्ञान येतं 'ज्योत'च्या आधी. छापील मराठी कोशांतही क्ष ज्ञ च्या जागेवर एकमत नाहीये, काहींत शेवटी, काहींत क आणि ज च्या पोटात, त्यामुळे कोश उघडल्यावर आधी ते बघून घ्यावं.

पण याहून वैतागाची गोष्ट वेगळीच आहे. 'दऱ्या'मधला तो पापणीसारखा र दोन वेगळ्या पद्धतीने टाइप करता येतो, 'ॲसिड'मधला ॲ पण, आणि स्क्रीनवर दोन्ही अगदी हुबेहूब दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. मग वाचक येतो, म्हणतो पुस्तक आहे, मी परवाच नेलं होतं, आणि कॅटलॉग म्हणतो नाही. दोघंही खरं बोलत असतात! असा शब्द सापडला नाही तर त्यातलं तेवढं अक्षर गाळून, नुसत्या दुसऱ्या शब्दाने किंवा लेखकाच्या नावाने शोधा, नव्वद टक्के वेळा सापडतं (टक्केवारी माझी, अंदाजपंचे).

प्रश्न : पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं का सोडतात? कागद वाया नाही का?

पुस्तक सुटं सुटं छापत नाहीत, मोठ्या कागदावर छापून घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात, साधारण १६ पृष्ठांचा. मजकूर १५४ पृष्ठांत संपला तरी पुस्तक १६० चं होणार, उरलेल्या सहावर जाहिरात टाका नाहीतर कोरी सोडा. शिवलेलं पुस्तक पाठीच्या वरून बघितलंत तर घड्यांचे छोटे छोटे गठ्ठे दिसतील, आणि जुन्या पुस्तकांत दर सोळा पृष्ठांनी तळाला एक एकटा आकडा किंवा अक्षर असतं, पृष्ठ क्रमांकाहून वेगळं. ती बांधणाऱ्यासाठीची खूण, फर्मे मागेपुढे होऊ नयेत म्हणून.

प्रश्न : घरची पुस्तकं कशी लावावीत? बायको म्हणते रंगाप्रमाणे, मी म्हणतो ड्यूईप्रमाणे. निवाडा तुम्ही करा.

नवराबायकोच्या भांडणात मी पडत नाही, पण ड्यूईबद्दल बोलते. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सगळं ज्ञान दहा वर्गांत कोंबलं, आणि तो त्याच्या काळाचा आणि त्याच्या गावचा माणूस होता हे त्यात दिसतं. धर्माला २०० ते २९९ दिले, त्यातला बहुतेक भाग एकट्या ख्रिस्ती धर्माला आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० च्या दशकात दाटीवाटीने.

मला रंगनाथन जास्त पटतात. मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आधी त्यांना या कामाचा कंटाळाच यायचा असं सांगतात. शिकायला लंडनला गेले, तिथे एका दुकानात मेकॅनो बघितला, म्हणजे त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू जोडून वेगवेगळी खेळणी करायचा संच, आणि त्यांना वाटलं की विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील. पुस्तकाला आधीच खणलेल्या खड्ड्यात ढकलण्याऐवजी, विषय कोणता, त्यातला कुठला पैलू, कुठला देश, कुठला काळ, हे भाग घेऊन मध्ये विरामचिन्हं टाकत क्रमांक बांधायचा. ही त्यांची कोलन पद्धत, १९३३ ची. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले होते आणि त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा.

तुमच्या घरात तो नियम असा लावा. एखादं पुस्तक शोधताना तुमच्या डोक्यात आधी काय येतं, लेखक की विषय की "ते निळं जाडजूड"? जे येतं त्याप्रमाणे लावा. बायकोला रंग आठवत असेल तर तिच्या कपाटापुरती तीच पद्धत बरोबर आहे, तुम्ही तुमच्या कपाटाला आकडे लावा.

प्रश्न : एका विद्यापीठाचं ग्रंथालय दरवर्षी थोडं थोडं खचतंय, कारण आर्किटेक्ट पुस्तकांचं वजन धरायला विसरला, हे खरं का?

हा किस्सा इतक्या विद्यापीठांबद्दल सांगतात की सगळे खरे असते तर जगातली निम्मी ग्रंथालयं आत्तापर्यंत पाताळात पोचली असती. खोटा आहे. पण वजनाची गोष्ट मात्र खरी, पुस्तकांचं वजन कुणी विसरत नाही कारण ते भयंकर असतं. अमेरिकन मानकाप्रमाणे ग्रंथालयाच्या साठवणीच्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण ७३० किलो पेलेल अशी बांधावी लागते, घराच्या खोल्यांसाठी जो आकडा धरतात त्याच्या जवळजवळ पावणेचार पट. चाकं फिरवून सरकवायची कपाटं असतात ती तर याहूनही जड पडतात, कारण मधल्या वाटाच नसतात, म्हणून ती बहुतेक ठिकाणी अगदी खालच्या मजल्यावर टाकतात. घरात भिंतभर कपाट करायचा विचार असेल तर ते खोलीच्या मध्यावर उभं करू नका, भिंतीला लागून ठेवा, वरून भिंतीत स्क्रूने पक्कं करा, आणि जाडे कोश सगळ्यात खालच्या फळीवर.